गॉलच्या किल्ल्याला दीड तास पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पर्यटन पुरवणीत आपण श्रीलंकेच्या सहलीचा दिवसवार आराखडा छापला आहे. अनेक घरांत तो कापून ठेवला जाईल आणि त्यावरूनच पुढच्या सुट्टीचे बेत ठरतील, म्हणून मी तो नीट वाचला. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटाचा किनारा, कोलंबोची खरेदी, सगळ्यांना आपापला वेळ मिळाला आहे. गॉलच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली : ‘बेंटोटाहून गॉल किल्ला दर्शन, अंदाजे दीड तास, जेवण परतीच्या वाटेवर.’ या ओळीला माझी हरकत आहे. ती सविस्तर मांडू द्यावी, ही विनंती.

गॉलचा किल्ला हा चढून जायचा, पडक्या चौथऱ्यांवर फोटो काढायचा आणि उतरून यायचा किल्ला नाही. श्रीलंकेच्या दक्षिण अंगाला समुद्रात शिरलेलं एक भूशिर आहे. त्याला तट आणि १४ बुरूज आहेत, आणि आत सुमारे ५२ हेक्टरांवर एक अख्खं गाव नांदतं आहे. तिथे पोस्ट आहे, शाळा आहेत. कोर्टाच्या चौकात प्रचंड वड आहेत आणि आसपासच्या गल्ल्यांत वकिलांच्या पाट्या. मशीद, बौद्ध विहार आणि जुनी चर्चेस एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. ऊन उतरलं की म्हातारी माणसं ओसरीवर येऊन बसतात आणि शाळकरी मुलं तटाच्या हिरवळीवर क्रिकेट मांडतात. असं राहतं गाव दीड तासात बघून होत नाही. दुपारी ते कसं पेंगतं, संध्याकाळी कुठे जमतं आणि कोणत्या वेळी काय खातं, हे कळायला तिथे एक रात्र तरी काढावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे. ते का, हे आता सांगते.

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागात झाली. कुठल्याही गावात गेले की तिथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे माझे डोळे आपोआप शोधतात. गॉलमध्ये त्यांना भरपूर सापडलं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी इथे ठाणं केलं आणि मुख्यतः जमिनीकडची बाजू भिंतीने बंद केली. १६४० मध्ये डचांनी ते जिंकलं आणि पुढच्या शतकभरात समुद्राकडूनही तट घालत वेढा पुरा केला. त्यात पोवळ्याचा दगड आणि ग्रॅनाइट दोन्ही वापरले आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर काही ठिकाणी पोवळ्यांची जाळी अजून ओळखू येते. मला त्या तटाइतकंच अप्रूप वाटलं ते रस्त्यांखालच्या गटारांचं. समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि त्यानेच गावाची घाण वाहून न्यायची, अशी डचांची योजना होती. ट्रायटन बुरुजावर एक पवनचक्की होती, तिच्या जोरावर पाणी उपसलं जाई आणि त्या पाण्याने गटारं धुतली जात. १९८८ मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा यादीत घेतलं, तिथल्या वर्णनातही या गटारांना जागा मिळाली आहे. ज्या काळात विजेचा पंप नव्हता त्या काळात समुद्राच्या पातळीला टेकलेल्या गावात उतार साधणं किती अवघड, हे ज्यांनी पावसाळ्यात तुंबलेली गटारं उपसून घेतली आहेत त्यांनाच कळेल. मी लाइटहाउस स्ट्रीटच्या कडेला उभी राहून बराच वेळ त्या रस्त्याचा उतार न्याहाळत होते. बसबरोबर आलेल्यांना एवढी उसंत कुठून मिळणार?

गटारांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. १९११ मध्ये गॉल गावात एका अभियंत्याला मोरीवर झाकण म्हणून घातलेली एक शिळा सापडली. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत मजकूर निघाला. चीनचा दर्यावर्दी ‘झेंग हे’ याच्या ताफ्याने ती आणली होती आणि तिच्यावर १४०९ साल आहे. चिनी मजकुरात बुद्धाला वाहिलेल्या दानांची यादी आहे, तमिळमध्ये विष्णुरूप तेनवरै नायनाराला वाहिलेल्या दानांची आणि फारसीत अल्लाला वाहिलेल्या. एकाच शिळेवर तिघांना नमस्कार. ती आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या आराखड्यात कोलंबोचा अर्धा दिवस खरेदीला दिला आहे, त्यातला तासभर या शिळेला द्यावा आणि मग गॉलला जावं. ही बंदरपट्टी किती जुनी आहे आणि इथे कोण कोण येऊन गेलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता तटाविषयी. तटावर चालायला तिकीट नाही. सावलीही नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच तिथे जावं. पुरवणीतल्या हिशोबाने बस पोचते भर उन्हात, आणि मग लोक घामाघूम होऊन सावलीच्या दुकानांत शिरतात आणि तट राहूनच जातो. जमिनीकडच्या बाजूला सूर्य, चंद्र आणि तारा असे तीन बुरूज आहेत. चंद्र बुरुजापाशी १८८३ चा घड्याळाचा मनोरा आहे. तो उभारला गेला इथल्या एका डॉक्टरांच्या गौरवार्थ, लोकांच्या वर्गणीतून, आणि घड्याळ दिलं त्यांच्या एका कृतज्ञ रुग्णाने. डॉक्टरच्या मनोऱ्याला घड्याळ द्यावं असं रुग्णाला वाटलं, ही गोष्ट मला फार आवडली.

याच बाजूने खाली गॉलचं क्रिकेट मैदान अख्खं दिसतं. कसोटी चालू असली की तटावर फुकट्या प्रेक्षकांची रांग लागते. २२ जुलै २०१० ला मुरलीधरनने आपल्या प्रज्ञान ओझाला इथेच बाद करून ८०० वा बळी घेतला, तो त्याच्या कसोटी कारकिर्दीतला शेवटचा चेंडू. आमच्याशेजारी उभ्या असलेल्या एका स्थानिक गृहस्थांनी जयवर्धनेने स्लिपमध्ये तो झेल कुठे घेतला ती जागा बोटाने दाखवली, आणि तो सामना भारताने हरला हे लक्षात ठेवून फार अदबीने दाखवली.

तिथून पश्चिमेकडच्या बुरुजांवरून समुद्र उजव्या हाताला ठेवत निघालं की नेपच्यून, ट्रायटन, फ्लॅग रॉक असं करत पांढऱ्या दीपगृहापाशी येतो. आत्ताचं दीपगृह १९३९ चं आहे. त्याच्यासमोरची मशीद बाहेरून चर्चसारखी दिसते, आणि दोन्ही मिळून संध्याकाळच्या उजेडात इतकी सुंदर दिसतात की कॅमेरा काढायचंही सुचत नाही. पूर्वेला खाडीपलीकडे एक हिरवी टेकडी दिसते, ती रुमस्सला. हनुमंत संजीवनीचा डोंगर घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, म्हणून या टेकडीवर औषधी वनस्पती आहेत, असं तिथले लोक सांगतात. रामायणाच्या खुणा बघायला म्हणून जे मराठी लोक श्रीलंकेत इतका प्रवास करतात, त्यांना गॉलच्या तटावरून ही टेकडी कुणी दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं.

या तटाचं अलीकडचं ऋण तर फार मोठं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत किल्ल्याबाहेरचं गॉल उद्ध्वस्त झालं. मैदान, बसस्थानक, बाजार, सगळ्यावरून लाट गेली आणि खूप माणसं गेली. तटाच्या आतलं गाव मात्र बव्हंशी वाचलं. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईंनी त्या सकाळी तटावरून काय दिसलं ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ते आम्हाला स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं, छापण्यासाठी नव्हे.

चर्च, संग्रहालय वगैरेंबद्दल आपल्या पुरवणीत पुष्कळ येतं, म्हणून थोडक्यात. डच रिफॉर्म्ड चर्च १७५५ चं, त्याच्या फरशीत थडग्यांचे कोरीव दगड बसवले आहेत. पाऊल जपून टाका. जुन्या दरवाजावर बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह आहे आणि आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीचं, कोंबड्यासकट, १६६९ सालासह. दोन्ही बाजू बघा, बहुतेक लोक एकच बघून पुढे जातात. शेजारच्या जुन्या गोदामात सागरी पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. १६५९ मध्ये गॉलच्या बंदरात बुडालेल्या ‘अ‍ॅव्होंडस्टर’ या डच जहाजातल्या वस्तू मला तिथे सर्वांत जास्त आवडल्या.

आता जेवणाकडे येते, कारण आपल्या आराखड्यात सर्वांत मोठा अन्याय तिथे झाला आहे. ‘जेवण परतीच्या वाटेवर’ म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका सहल आयोजकाची बस सकाळी अकराच्या सुमारास आली. आमची मराठी ऐकून त्यातल्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही इथेच राहता? आम्हाला तर आत्ता निघायचंय. जेवण हायवेच्या हॉटेलात आहे, पनीर आणि रोटी. मला ते आप्पे खायचे होते हो, पण ते म्हणाले, इथे काही मिळत नाही.” त्या कळवळून बोलत होत्या. त्यांना आणखी काही सांगेपर्यंत त्यांच्या गटप्रमुखाने शिट्टी मारली आणि त्या गेल्या.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की श्रीलंकेत खाण्याचं घड्याळ असतं. आप्प, म्हणजे तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध आंबवून छोट्या खोलगट कढईत केलेला, कडा कुरकुरीत आणि मध्ये जाळीदार असा तो पदार्थ, सकाळी न्याहारीला मिळतो किंवा मग संध्याकाळनंतर. भात आणि कालवणं दुपारी बारानंतर. कोत्तु, म्हणजे तव्यावर दोन पात्यांनी ठोकत बारीक केलेली रोटी, भाज्या, अंडं किंवा मांस घालून, तो रात्रीचा. त्या पात्यांचा ठेका तीन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो. सकाळी अकराला येऊन साडेबाराला परत निघणाऱ्या माणसाला यातलं काहीच धड मिळत नाही. त्याला मिळतं ते आइस्क्रीम आणि महागडी कॉफी. मग तो घरी येऊन सांगतो, गॉलमध्ये खायला काही नाही.

आमच्या घरमालकीण मूर समाजाच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम कुटुंबातल्या. किल्ल्यात या समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मला त्या ‘अक्का’ म्हणत आणि मला ते ऐकताना परकं वाटलं नाही. सकाळी त्यांनी इंदिआप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, दिले. कोकणात ज्यांनी शिरवाळे खाल्ले आहेत त्यांना ताटाकडे बघताच ओळख पटेल. आपण ते गुळाच्या गोड नारळरसात बुडवतो, तिथे ते किरि होदिबरोबर खातात. ही नारळाच्या दुधाची पिवळी पातळ कढी असते. तिच्यात हळद, मेथी, हिरवी मिरची, कढीलिंबाची पानं आणि भाताला सुवास यावा म्हणून आपण घालतो तसलं एक लांब पान. बरोबर पोल सांबोल, म्हणजे ओलं खोबरं, लाल तिखट, कांदा आणि लिंबू हाताने रगडून केलेली चटणी. ती पाट्यावर वाटतात तेव्हा खोबऱ्याचं तेल सुटून रंग तांबडाभडक होतो. माझी बहीण पाटा मागून स्वतः वाटायला बसली आणि बाईंनी तिला दोनदा थांबवून वाटण कसं ओढायचं ते दाखवलं.

दुपारच्या जेवणात मोठा भात मध्ये आणि भोवती पाच-सहा कालवणं. त्यातलं अंबुल तियल हे या दक्षिण किनाऱ्याचं स्वतःचं. ट्यूना जातीच्या माशाचे चौकोनी तुकडे करायचे, त्यांना गोरका आणि काळ्या मिरीची दाट वाटण फासायची, मातीच्या हंडीत एका थरात लावायचे आणि मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत ठेवायचे. गोरका ही आपल्या कोकमाचीच चुलत बहीण, त्याच कुळातली. वाळली की काळी होते आणि तिचा आंबटपणा धुरकट लागतो. असा केलेला मासा फ्रिजशिवाय काही दिवस टिकतो, म्हणून तो मच्छीमारांच्या किनाऱ्यावर जन्मला असावा हे पटतं. पहिला घास घेतला तेव्हा बहीण काही बोलली नाही, नुसता भात पुढे ओढला.

कोवळ्या फणसाचं पोलोस दिवसभर मंद शिजवतात. त्यात भाजलेला काळसर मसाला असतो आणि दालचिनीचा तुकडा. दालचिनी तिथे माशात पडते, भाजीत पडते, डाळीतही पडते. पडणारच, कारण ती आसपासच्याच डोंगरांवर सोलली जाते आणि डच या किनाऱ्यावर मुळात तिच्यासाठीच आले. तट, बुरूज, गोदामं, गटारं, सगळ्याच्या मुळाशी ही साल आहे, आणि ती तुमच्या ताटातल्या फणसात आहे. जेवताना हे आठवलं की इतिहास वेगळा वाचावा लागत नाही.

गोडात वट्टलप्पम मागा : नारळाचं दूध, अंडी, कितुल माडाचा गूळ आणि वेलची घालून वाफवलेलं. मूर कुटुंबांत ते ईदला हमखास होतं. अंडं चालत नसेल तर मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुलचा काकवीसारखा पाक. कितुल म्हणजे आपला भेरली माड. कोकणातही तो डोंगरउतारावर उभा असतो, तिथे त्याचा रस काढून आटवतात.

आणखी एक पदार्थ आवर्जून सांगते, कारण तो किल्ल्याचा सगळा वंशवृक्ष एका पानात बांधतो. लंप्राइस. डच आणि स्थानिक मिश्र वंशाच्या बर्गर समाजाचा हा पदार्थ. मटणाच्या रश्श्यात शिजवलेला भात, मिश्र मांसाचं कालवण, तळलेले खिम्याचे गोळे, वांग्याचं मोजु म्हणजे लोणचं, कांद्याची गोड-तिखट चटणी, सगळं केळीच्या पानात गुंडाळून भाजायचं. पान उघडल्यावर जो वास येतो त्यासाठी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, कारण चांगलं लंप्राइस कुणी घाईत करत नाही. पुन्हा तेच : दीड तासात ते मिळणार कसं?

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट आपण ठळक अक्षरांत छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. श्रीलंकेत ‘व्हेज’ म्हणून समोर येणाऱ्या पोल सांबोलमध्ये, आप्पाबरोबरच्या लुनुमिरिस या कांदा-मिरचीच्या चटणीत आणि कधी कधी डाळीतही उंबलकड असतं. उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा लाकडासारखा कडक तुकडा कुटून घातलेला. तो चवीसाठी असतो, आणि वाढणाऱ्याला ते मांसाहार वाटत नाही, त्यामुळे तो फसवतही नसतो. आधी विचारलं तर वेगळं करून देतात. आमच्या घरमालकिणीने शेजारच्या खोलीतल्या एका जैन कुटुंबासाठी दोन्ही चटण्या वेगळ्या पाट्यावर वाटल्या. खरं तर शाकाहाऱ्यांनी तिथे उपाशी राहण्याचं काही कारण नाही. फणस, वांगं, बीट, भेंडी, कच्ची केळी, काजूचं कालवण, गोटुकोळच्या पानांची खोबरं घातलेली कोशिंबीर, एवढं एका ताटात मिळतं. पनीर शोधत हायवेवर जायची गरज नाही.

आता पैशाचा मुद्दा. गेल्या काही दशकांत किल्ल्यातली कितीतरी जुनी घरं बाहेरच्या आणि परदेशी लोकांनी घेतली आणि त्यांची उंची हॉटेलं, दुकानं झाली. जुनं डच इस्पितळ डागडुजी होऊन २०१४ पासून उपाहारगृहांचं आणि दुकानांचं आवार आहे. इमारत देखणी आहे, व्हरांड्यातून समुद्र दिसतो, एखादा चहा तिथे जरूर घ्यावा. पण जेवायला मी वाचकांना तिथे पाठवणार नाही. तिथल्या बऱ्याच जागी पाश्चात्त्य पदार्थ आणि त्याच हिशोबाचे दर. पेडलर स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, लेन बान स्ट्रीट यांच्या आतल्या गल्ल्यांत अजून घरगुती खोल्या आणि घरगुती खानावळी आहेत. तिथे दिलेला श्रीलंकन रुपया त्या घरातच राहतो आणि ते घर विकायची वेळ थोडी लांबते. २०२२ च्या आर्थिक संकटात या घरांनी गॅससाठी रांगा लावल्या, पर्यटक नव्हते तेव्हा खोल्या रिकाम्या ठेवल्या. आज तिथे जाणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावं. राहती माणसं निघून गेली तर तट राहील, पण दीपगृहापाशी संध्याकाळी पतंग उडवणारी मुलं राहणार नाहीत आणि चांगलं इंदिआप्पही राहणार नाही.

आणि हो, ही राहती घरं आहेत म्हणून आपल्या लोकांनी उघड्या दारातून आत डोकावून फोटो काढू नयेत. मशिदीत जायचं तर अंगभर कपडे असावेत आणि आधी विचारावं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मुस्लिम कुटुंबांची बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात, त्या दिवशी जेवणाची वेळ मागेपुढे धरावी. पौर्णिमेला, पोया दिवशी, देशभर दारू विकत नाहीत. अनेकांना ही माहिती आधी मिळाली तर बरं.

आपल्या आराखड्यात बदल करायला फार काही लागणार नाही. नुवारा एलियाची एक रात्र कमी न करताही बेंटोटाच्या दोन रात्रींतली एक गॉलला देता येते. समुद्र दोन्हीकडे तोच आहे. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलला रेल्वे जाते आणि बराच वेळ रूळ लाटांच्या इतके जवळून जातात की खिडकीत तुषार येतात. जाताना उजवीकडची खिडकी धरावी. दुपारी पोचावं, संध्याकाळी तट, रात्री आप्प किंवा कोत्तु, पहाटे पुन्हा तट, न्याहारीला इंदिआप्प, मग चर्च आणि संग्रहालय, दुपारी भात-कालवण आणि परतीची गाडी. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. मेच्या उत्तरार्धात तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी पोचतो, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी धरणाऱ्यांनी पहिला पंधरवडा गाठावा.

पुढच्या वेळी आराखडा छापाल तेव्हा ती ओळ बदलाल अशी आशा आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त कनिष्ठ अभियंता, मलनिस्सारण विभाग)

ता. क. : शाकाहाऱ्यांनी ‘उंबलकड एपा’ एवढे दोन सिंहली शब्द पाठ करून जावेत. ‘उंबलकड नको’ असा त्याचा अर्थ. ऑर्डर देतानाच सांगावं, ताट आल्यावर नव्हे, कारण चटणी तोवर वाटून झालेली असते.